पूर्णिमाचे चार शब्द

गुरुवार, ९ जानेवारी

पूर्णिमाला काल दवाखान्यातून घरी आणलं. लकव्याने उजवा हात आणि उजवा पाय धरला आहे, ते हळूहळू सुटतील म्हणतात. बोलणं मात्र साफ गेलं. डॉक्टर म्हणाले, आपलं बोललेलं तिला बरंचसं कळतं, पण तिच्याकडून शब्द निघत नाहीत. ती तोंड उघडते, मान ताणते आणि नुसती हवा बाहेर येते. मग माझ्याकडे असं बघते, जसं काही तिचे शब्द मीच कुठेतरी ठेवून विसरलो आहे.

आमच्या घरात बोलण्याचं खातं पहिल्यापासून तिच्याकडे. मी हुंकार द्यायचो. फॅक्टरीत तपासणीवर चार्जमन होतो; तयार मालातली खोट काढायची आणि तो परत पाठवायचा, यातच सगळी नोकरी सरली. "घरी येऊन पण खोटच काढून राहिले तुम्ही," असं ती म्हणायची. आता तेही म्हणणारं कोणी नाही. आमची मुलगी रुचिरा इतके दिवस आईजवळ राहून आज सकाळी पुण्याला गेली, तिलाही तिची नोकरी आहे. जबलपूरच्या रांझी भागातल्या या घरात आम्ही दोघंच उरलो. म्हणून ही डायरी काढली. कोणाशी तरी बोललं पाहिजे.

रविवार, १२ जानेवारी

आज पूर्णिमा बोलली. की नाही बोलली, देव जाणे.

सकाळी मी पडदा सरकवला. जाळीतून ऊन आलं आणि तिच्या पांघरुणावर चौकटी चौकटी पडल्या. मी चहाला वळणार, तोच मागून आवाज आला. तिचाच आवाज, पण मी कधी न ऐकलेला. "मिउ पत हो यिन." अगदी स्वच्छ. पहिला सूर खाली, दुसरा एकदम वर, तिसरा चढता, चौथा उतरता.

मी धावलो. काय गं? पाणी? बाथरूम? कुठे दुखतं? तिने मान हलवली, नाही. मी परत विचारलं. मग तिने डावा हात पलंगावर आपटायला सुरुवात केली, थाड थाड, आणि डोळ्यांतून पाणी. मी बेडपॅन आणलं, पाणी आणलं, पाय चोळले. ती शेवटी तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. तिकडे दूध उतू गेलं ते वेगळंच.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

प्रणोती आली होती. ही मुलगी बोलण्याचे व्यायाम शिकवते, आठवड्यातून दोनतीनदा येते. घर मराठी, पण "अंकल, मला समजते पूरी, बोलता थोडी गडबड होते," असं म्हणून हिंदीवर उतरते. मी तिला ते चार आवाज करून दाखवले. ती म्हणाली, लकव्याच्या पेशंटमध्ये असं होतं. सगळी भाषा जाते आणि एखादा तुकडा अडकून राहतो. मग सुखात तोच, दुःखात तोच. "मतलब मत ढूँढिए, अंकल." फोनवर रेकॉर्ड करून ठेवा म्हणाली, तेवढं मी करतो.

दुपारी तिच्यासमोर बसून मटार सोलत होतो. एक दाणा हातातून निसटला, फरशीवरून गडगडत गेला, खुर्चीच्या पायाला लागून वळला आणि बरोबर तिच्या पायाच्या अंगठ्याशी जाऊन थांबला. "मिउ पत हो यिन." मी परत बेडपॅन आणलं. परत हाताची थाड थाड. सणाच्या दिवशी बाईला एवढं कसलं दुखत असेल, आणि मला ते कळत नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

शेजारच्या दुबे भाभींना तिच्याजवळ बसवून बाजारात, कमानिया गेटला गेलो. तिच्यासाठी गरम मोजे, माझ्यासाठी माकडटोपी. काय तो गारठा. ऑटोत बसून आलो तर नाकाचा शेंडा गेला असं वाटत होतं. टोपी न काढताच तिच्या खोलीत शिरलो, पिशवी वर धरून म्हटलं, हे बघ मोजे. तिने मोज्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या दिशेने बघत म्हणाली, "मिउ पत हो यिन."

दुबे भाभी उठूनच उभ्या राहिल्या. "भैया, ये क्या बोलती हैं? मेरे तो रोंगटे खड़े हो गए." मी म्हटलं, बीमारी है. पण काटा माझ्याही अंगावर आला होता. तिचे डोळे. आजारी माणसाचे डोळे असे नसतात. दिवा लागल्यासारखे होते.

मंगळवार, २१ जानेवारी

वसुधाताई आली. माझी मोठी बहीण, राइट टाउनला राहते. ताईचा स्वभाव असा की घरात पाय ठेवल्याबरोबर आधी वास घेते आणि मग चपला काढते. मी पूर्णिमाची नखं कापत होतो. डाव्या हाताची झाली, उजव्या हाताची बोटं वळलेली, ती एकेक सरळ करून हळूच कापत होतो. पूर्णिमा माझ्या हाताकडे बघत बसली होती आणि तिने ते म्हटलं. मी विचारलं, लागलं का? झालं, हात आपटणं सुरू.

ताई मला बाहेर घेऊन गेली. "हेमू, ही आपल्यातली भाषा नाही."

"ताई, भाषाच नाही ती. मेंदूचं काहीतरी आहे."

"मेंदूचं आहे तर मग एकच गोष्ट काहून बोलून राहिली? आणि कोणाकडे बघून बोलते? त्या खोलीत कोणी तरी आहे. ती त्याच्याशी बोलते, अन् तू मध्ये बोलला की चिडते. समझ में आता है कुछ?"

मी हसलो. ताईने पूर्णिमाच्या पलंगाखाली लिंबू ठेवलं, मनगटाला काळा दोरा बांधला. मी नको म्हणालो नाही. आयुष्यभर असल्या गोष्टींची टिंगल केली आणि आज दोऱ्याची गाठ नीट बसली की नाही ते मीच बघितलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

स्पष्ट लिहितो, ही डायरी कोण वाचणार आहे. मला माझ्या बायकोची भीती वाटते.

रात्रीची नाही. रात्री ती झोपते. दुपारची वाटते. जेवणं झाली, भांडी झाली, गल्ली सामसूम झाली की मला त्या खोलीत जाववत नाही. मी बाहेर व्हरांड्यात ऊन खात बसतो, ऊन भिंतीवरून निघून जातं तरी बसतो. आतून ते चार आवाज येतात. मी गेलो नाही तर हात आपटण्याचा आवाज येत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. म्हणजे ताईचं खरं? एकटी असली की ती शांतपणे म्हणते आणि मग खोली गप्प होते. ती गप्प खोली मला सहन होत नाही. आज कुकरच्या शिट्टीत तेच ऐकू आलं, मग नळाच्या धारेत. कानावर हात ठेवले तर आतूनही आलं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, फार अस्वस्थ होत असेल तर दुपारी अर्धी गोळी द्या, कागदावर लिहिलेलीच आहे. दिली. ती संध्याकाळपर्यंत झोपली. मी तिच्या खोलीत जाऊन पलंगाशेजारी पेपर वाचला, अगदी आरामात.

गुरुवार, ३० जानेवारी

गोळी आता दोन वेळा देतो. तसं डॉक्टरांना विचारलेलं नाही. पण आठवडा होत आला, ते शब्द ऐकले नाहीत. ती उशीला टेकून असते, डोळे अर्धे मिटलेले. भरवलं की खाते, पुसलं की पुसून घेते. हात आपटत नाही.

ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "उतरलं बघ. मी बोलले होते न?" तिला गोळीचं सांगितलं नाही. मीही स्वतःला सांगतो की तिला आराम पडावा म्हणून देतो. खोटं आहे. मला आराम पडावा म्हणून देतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. नर्मदा जयंती

ताईने हट्टच धरला की पूर्णिमाच्या नावाने ग्वारीघाटावर दिवा सोडायचा. दुबे भाभी घरी थांबल्या. घाटावर ही गर्दी, मुंगी शिरायला जागा नाही. मी पुटपुटत होतो की प्लास्टिक किती टाकतात लोक, पायऱ्यांना शेवाळ किती, लाउडस्पीकर केवढा मोठा. ताई म्हणाली, "आज तरी तोंड बंद ठेव."

मग अंधारलं आणि लोकांनी दिवे सोडले. मी माझा सोडला, उठून उभा राहिलो आणि समोर पाहिलं. या गावात जन्म गेला, घाटावर शेकडो वेळा आलो असेन. पण आज नदीच दिसेना. सगळं पाणी उजेडाचं झालं होतं आणि तो उजेड चालत होता, सावकाश, एकसंध, खाली तिलवारा घाटाच्या दिशेने. माझ्या छातीत काहीतरी भरून आलं, गळ्याशी आलं आणि तोंडातून निघून गेलं. "मिउ पत हो यिन."

माझ्या तोंडून. अगदी तिच्याच सुरात.

ताईने माझा हात सोडला. दोन पायऱ्या वर सरकली आणि पदर डोक्यावरून घेतला. "तुलाही लागलं रे," एवढंच म्हणाली. ऑटोत ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली.

घरी आलो. पूर्णिमाची गोळी तिला दिली. एक स्वतः घ्यावी असं मनात आलं होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

प्रणोती बरीच खटपट करून थकली. "अंकल, आंटी तो कुछ रिस्पॉन्स ही नहीं दे रहीं. वो जो बोलती थीं, वो भी बंद?" मी म्हटलं, हो, देवाची कृपा. तिने माझ्याकडे पाहिलं. मग औषधांचा डबा मागितला. गोळीची पट्टी उलटून किती गोळ्या संपल्या ते मोजलं. पोरगी रुचिराहून लहान, पण मला शाळेतल्या बाईंसमोर उभं असल्यासारखं झालं.

"अंकल, बोलणं परत यायचे हे पहिले काही महिनेच असतात. आत्ता जे येईल, ते येईल. आंटींजवळ बोलायला तेवढीच एक गोष्ट होती. तुम्ही तीच झोपवली." हे ती मराठीत म्हणाली, एकही चूक न करता.

मग तिने माझ्या फोनवरची रेकॉर्डिंग परत परत ऐकली. अडकलेला तुकडा असता तर कधी घाईत, कधी रडत, कसाही निघाला असता, ती म्हणाली. हे दर वेळी एकाच चालीत आहे, चढउतारासकट. "तेव्हा मीच म्हटलं होतं, मतलब मत ढूँढिए. ग़लती मेरी. ये कोई भाषा है. आंटी बचपन में कहाँ रहती थीं?"

इथेच सदरला, कँटोन्मेंट भागात, मी म्हटलं. पूर्णिमाचे वडील मिलिटरी हिशेब खात्यात होते. पुढचं मला सांगता येईना. लग्नाआधीची पूर्णिमा मला फारशी माहीत नाही. ती सांगायची, मी हुंकार द्यायचो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बंडूला फोन लावला. पूर्णिमाचा धाकटा भाऊ, रेल्वेतून रिटायर होऊन इटारसीला असतो. फोनवर रेकॉर्डिंग ऐकवली. पलीकडे बंडू हसायला लागला. "अरे भाऊजी, हे तर लाउचं आहे."

कोण लाउ?

"आमच्या गल्लीत होता न चीनी मिस्त्री. फर्निचरवाला. पूर्णिमाताई तर शाळेतून आली की तिथेच पडून असायची. लाकूड घासत बसायची दिवसभर. आई रोज ओरडायची, काहून गेली चीन्याच्या घरी म्हणून. तुम्हाला कधी बोलली नाही ती?"

बोलली असेल. मला आठवत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सदरला गेलो. लाउचं दुकान कधीच बंद झालं, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. पण वरच्या मजल्यावर त्याची मुलगी राहते, लूसी. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, केस पांढरे आणि बॉयकट, अंगात मरून स्वेटर. बोलते अशी अस्सल जबलपुरी हिंदी की डोळे मिटून ऐकलं तर दुबे भाभीच वाटावी. पूर्णिमाचं नाव सांगितल्याबरोबर, "हओ, पुन्नी. कैसी है?" मी सांगितलं कशी आहे ते. मग फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावली.

ते चार शब्द वाजले. मी लगेच विचारलं, इसका मतलब क्या है? तिने हात वर करून मला थांबवलं. तशीच बसून राहिली. खिडकीबाहेर गल्लीत कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिचे डोळे भरून आले, तिने ते पुसले नाहीत. मी परत तोंड उघडलं, तिने परत हात वर केला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अब बोल सकते हैं."

मग सांगितलं. ही कॅंटोनीतली म्हण आहे; कॅंटोनी ही तिच्या वडिलांच्या घरची चिनी बोली. एखादी गोष्ट इतकी अद्भुत असते की ती सांगता येत नाही, असा तिचा अर्थ. आणि लाउच्या दुकानात एक कायदा होता. ते शब्द एकदा म्हटले की त्यानंतर कोणी बोलायचं नाही. ज्याने म्हटलं तो जे बघतो आहे, ते सगळ्यांनी गप्प राहून बघायचं, पोटभर. "मतलब ही यही है न भैया, कि कहा नहीं जा सकता. फिर कोई 'क्या, क्या' करने लगे तो उसने सुना ही क्या?"

मी विचारलं, दुखत असेल तर कोणी असं म्हणतं का?

लूसी हसली. "दर्द? दर्द तो कहा जा सकता है."

म्हातारा लाउ मूळचा आसामातला सुतार. बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर त्याच्यासारख्या चिनी लोकांना राजस्थानातल्या छावणीत कैदेत ठेवलं होतं, तिथून सुटल्यावर इकडे आला. छावणीतून आल्यावर त्याने बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. साहेबांच्या बंगल्यांसाठी कपाटं करायचा. एखादं कपाट असं जमून यायचं की एक खण आत ढकलला की हवेच्या दाबाने दुसरा आपोआप बाहेर यायचा. तेव्हा तो हे चार शब्द म्हणायचा आणि सगळं दुकान हत्यारं खाली ठेवून बघत राहायचं. वर्षातून एखाददोनदा. पूर्णिमाने मात्र ते उचललं आणि जिथे तिथे म्हणायला लागली. पेरू कापला की म्हणायची, गारा पडल्या की म्हणायची, बकरी भिंतीवर चढली की म्हणायची, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्याला दर वेळी रंधा खाली ठेवून बकरी बघावी लागायची. "पिताजी कहते, ये लड़की बहुत खर्च करती है."

निघताना मी विचारलं, मग मी कधी कसं ऐकलं नाही? लूसी जरा घुटमळली. "शादी के बाद एक बार आई थी. बोली, लूसी, वहाँ बोलती हूँ तो सब पूछने लगते हैं, क्या हुआ, क्या चाहिए. तो छोड़ दिया."

मी विचारलं होतं का तेव्हा? काही केल्या आठवत नाही.

ऑटोत बसलो आणि तो मटारचा दाणा डोळ्यांसमोर आला. बाईने त्या एका दाण्यासाठी आपल्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बोलणं खर्च केलं आणि मी तिला बेडपॅन दाखवलं. मला ऑटोतच रडू आलं. ड्रायव्हरने आरसा वळवून पाहिलं, पण विचारलं नाही काही, भला माणूस.

काही वेळचं मात्र मला अजून कळत नाही. मी माकडटोपी घालून आलो तेव्हा, किंवा नखं कापत होतो तेव्हा. खोलीत तसं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो आणि गोळी दोन वेळा देत होतो ते सांगून टाकलं. ते माझ्यावर चिडले, चिडायलाच हवं होतं. एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा म्हणाले. बोलणं परत येईल का, यावर त्यांनी खांदे उडवले. प्रणोती म्हणाली, "येऊ शकते. नाही पण येऊ शकते, अंकल. पक्का नहीं बोल सकती."

घरी येऊन पलंगाखालचं लिंबू काढून टाकलं. ते वाळून खडा झालं होतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

गोळी पूर्ण बंद. तिचे डोळे उघडे आहेत, बघते, ओळखते. पण शब्द नाहीत.

मी रोज काहीतरी घेऊन येतो. जन्मभर खोट शोधली, आता उलटं काम हातात घेतलं आहे आणि ते मला मुळीच जमत नाही. कमानियाच्या बाजारात उभा राहतो आणि समजत नाही की अद्भुत म्हणजे नेमकं काय घ्यावं. आतापर्यंत मोरपीस आणलं, काचेच्या गोट्या आणल्या, लाल गराचा पेरू आणून तिच्यासमोर कापला. मटार परत आणले, मुद्दाम दाणे फरशीवर सोडले. ते बावळटासारखे इकडे तिकडे गेले आणि पलंगाखाली शिरले. ती सगळं बघते, सभ्यपणे, पाहुण्यांनी आणलेली मिठाई बघावी तशी. आणि मग माझ्याकडे बघते.

दुपारी मी आता तिच्याच खोलीत असतो. भीती गेली आहे. पण ती गप्प खोली तशीच आहे, आणि आता ती माझ्यामुळे गप्प आहे, ही त्या भीतीहून वाईट गोष्ट आहे. मी स्वतः एकदा ते चार शब्द म्हणून पाहिले, ऊन बघत, तिला ऐकू जाईल असे. तिने झटकन माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. हवाच आली.

देवा, मी माझ्या हाताने तिचं शेवटचं बोलणं बंद केलं की काय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

लूसी येऊन गेली. पूर्णिमाने तिला ओळखलं, डाव्या हाताने तिचा स्वेटर धरला तो सोडेना. दोघी काही बोलल्या नाहीत. बोलणार कशा म्हणा. मला वाटलं होतं लूसीला बघून तरी शब्द निघतील. नाही निघाले.

जाताना लूसी दारात म्हणाली, "भैया, आप चीज़ें लाना बंद कर दो. ये हुकुम से नहीं निकलता." मी मान डोलावली. गोट्या दुबे भाभींच्या नातवाला देऊन टाकल्या.

शनिवार, १ मार्च

आज पूर्णिमा बोलली.

सकाळचे दहा वाजले असतील. मी दलिया करून तिच्या खोलीत घेऊन गेलो. तो खाली लागला होता, त्यामुळे मी स्वतःवरच वैतागलेला, दाढी वाढलेली, चष्म्यावर वाफ आलेली. तिच्या समोर स्टूल ओढून बसलो. खिडकी तिच्या पाठीशी होती आणि माझ्या पाठीशी दार. चमचा भरून फुंकर घातली. एकदा घातली, अजून गरम वाटला म्हणून परत घातली. ओठाला लावून बघितला. मग वर पाहिलं तर ती माझ्या दिशेने बघत होती, आणि डोळ्यांत तोच दिवा लागलेला.

"मिउ पत हो यिन," ती म्हणाली. हळू, जरा घोगरं, पण चारही सूर जागच्या जागी.

माझ्या तोंडाशी आलं होतं, काय गं? ते मी गिळलं. कायदा म्हणजे कायदा. चमचा हातात तसाच धरून मागे वळून पाहिलं, की तिला एवढं काय दिसलं ते मलाही दिसावं. मागे काही नव्हतं. दार, खुंटीवर माझा जुना स्वेटर, गेल्या वर्षीचं कॅलेंडर. सगळं नीट बघितलं, पोटभर. मग परत तिच्याकडे वळलो. ती अजून बघतच होती. तिने हात आपटला नाही. डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. आम्ही दोघं न बोलता बसलो. दलिया पार गार झाला. आयुष्यात इतका वेळ मी तिच्यासमोर कधी बसलो नसेन, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

दुपारी प्रणोतीला सांगितलं, लूसीला सांगितलं, रुचिराला फोन केला, ती तिकडे रडली. सगळ्यांनी विचारलं, काय बघून म्हणाली? मी म्हटलं, कळलं नाही. आत्ता लिहितानाही तोच विचार करतो आहे. बहुतेक दारातून ऊन आत आलं असेल, ते बघून म्हणाली असावी. पण दार तर मी आत येताना लावून घेतलं होतं.